रोझी मिसचं ताट

माणूस गाव सोडतो, पण गावची माती त्याच्या पायाला सोडत नाही, असं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादा प्रमुख पाहुणा सांगतो. मी गाव सोडलं तेव्हा माझ्या पायात नव्या चपला होत्या आणि त्यांना माती नव्हती. शहाद्याच्या स्टँडवर रिक्षातून उतरल्या उतरल्या मायने त्या ओल्या फडक्याने पुसून दिल्या होत्या. पुण्याकडचे लोक माणसाच्या आधी चपला बघतात, अशी तिची खात्री होती. ती स्वतः पुण्याला कधी गेलेली नव्हती.

माती नाही, पण एक डबा बरोबर आला. स्टीलचा, कडीचा, झाकणावर नानांचं नाव कोरलेला. त्यात दराब्याचे लाडू, शेव आणि एका पिशवीत वर्षभर पुरेल एवढा अविश्वास. पिशवी दिसत नव्हती, पण ती नानांनी भरली होती. नाना म्हणजे माझे वडील. लोणखेड्यात केळी आणि कापूस लावायचे आणि बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र बघून हसायचे. बस सुटताना त्यांनी खिडकीशी येऊन एकच सांगितलं, "जो देस, तो मांगस." जो देतो, तो मागतो. मायने दुसऱ्या बाजूने डोकं घातलं. "रिकामा डबा परत लयजो नको." रिकामा डबा परत आणू नकोस.

मुलीला निरोप देताना आईबाप काय काय म्हणतात, ते मी पुढे पुष्कळ वाचलं. इतकं हिशेबी कुणाचेच आईबाप बोललेले आढळले नाहीत.

मी पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत मराठी शिकवायला गेले, ती तिथेच राहिले. पुढे त्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या सातारच्या अरुण नावाच्या एका शांत माणसाशी लग्न केलं. गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही थंड हवेत मजा करतो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना वाटतं आपण फार सोसलं. दोघांचंही मला फारसं खरं वाटत नाही. मी सोसलं ते एवढंच, की कपडे वाळायचे नाहीत आणि वर्गात कधी चुकून तोंडातून "आहे"च्या जागी "शे" निघालं की मुलं आठवडाभर माझी नक्कल करायची. आता बावीस-तेवीस वर्षांनी माझं बोलणं इतकं शुद्ध झालंय की लोणखेड्याला गेल्यावर चुलतभाऊ मला "मॅडम, पाणी लेतस का?" असं विचारतो.

पाचगणीत मला पहिला संशय आला तो स्ट्रॉबेरीचा. जिथे तिथे स्ट्रॉबेरी. पाटीवर, टोपीवर, कानातल्यात, बागेतल्या कचऱ्याच्या डब्यावर. एखाद्या फळाची एवढी जाहिरात करावी लागत असेल तर त्यात काहीतरी उणं असणार. पपईची जाहिरात आमच्याकडे कुणी केली नाही. पर्यटक मळ्यात जाऊन स्वतःच्या हाताने स्ट्रॉबेरी तोडतात आणि त्याबद्दल वर पैसे देतात, हे मी नानांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मजूरच पैसा देस?" ही कल्पना लोणखेड्यात चालवता येईल का, यावर ते पुढे आठवडाभर विचार करत होते, असं माय सांगायची. कापूस वेचायला पर्यटक येतील असं त्यांना शेवटी वाटलं नाही.

दुसरा संशय रोझी मिसचा. आम्ही राहतो तो जुना बंगला मधोमध भिंत घालून दोन घरांचा केलेला आहे. एका अर्ध्यात आम्ही, दुसऱ्यात रोझी मिस. मूळची गोव्याची, शाळेच्या वसतिगृहाची जुनी मेट्रन, आता निवृत्त. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिच्याकडून एक मोठं ताट यायचं. पांढरं, निळ्या काठाचं, वर क्रोशाचा रुमाल. त्यात नेवऱ्या, शिंपल्यासारखे वळलेले गोड कुलकुल, नारळाच्या दुधातला काळाभोर दोदोल. सगळं घरी केलेलं. आजकाल "घरी केलेलं" हे दुकानातही मिळतं आणि हाताने करायच्या नाताळच्या चांदणीचं सामान कापून, मोजून, खोक्यात भरून विकतात; पण रोझी मिसची चांदणी बांबूच्या कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची असते, आणि ती चिकटवताना तिच्या तोंडी असलेले शब्द कुठल्याही खोक्यावर छापता येणार नाहीत.

ताट आलं की मी त्यात शेव घालून परत करायची. ती "थँक्यू गो" म्हणायची, मी "थँक्यू मिस" म्हणायची. इतकी वर्षं हा व्यवहार सुरळीत चालला, आणि इतकी वर्षं मी वाट बघत होते की ही बाई आता काहीतरी मागेल. कंपाउंडातलं झाड तोडा, किंवा अरुणला पहाटे तबला वाजवू नका म्हणून सांगा, किंवा निदान रविवारी चर्चला या. तिने काही मागितलं नाही. त्यामुळे संशय वाढला.

नाना गेले त्याला आता तीन वर्षं होतील. माय लोणखेड्यात एकटी. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती ओट्यावरून घसरली आणि मनगट दुखावून बसली. मी एकुलती एक. तिला घेऊन येते म्हटलं की एकच उत्तर यायचं: "लेकीना घर पाव्हनी जानं, ऱ्हावाले जानं नही." लेकीकडे पाहुणी म्हणून जावं, राहायला जाऊ नये. तिच्या आईने ते पाळलं, तिच्या आजीने पाळलं. लेकीच्या घरी फुकटचं खाणं म्हणजे त्यांच्या मते लेकीलाच खाणं. मी म्हटलं, हिवाळ्यापुरती ये, पाहुणीच. मनात मात्र ठरवलं होतं की एकदा आली की परत पाठवायचीच नाही. तिच्याही मनात काहीतरी ठरलेलं असणार. आमच्या घरात कुणीच कधी मोकळ्या मनाने प्रवासाला निघालेलं नाही.

ती दिवाळी उरकून आली. बरोबर तोच डबा, करंज्यांनी भरलेला. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यातल्या काही करंज्या तिने शेजारी पाठवल्या. नव्या गावात आलं की आधी आपण द्यायचं, म्हणजे पुढचा आपल्यावर उपकार करायच्या आत त्याच्यावर उपकार होतो. रोझी मिसला ती रोझाबाई म्हणायची. रोझी मिसला आवडलं ते.

मग डिसेंबर लागला आणि मायने व्हरांड्यात खुर्ची टाकून शेजारच्या अर्ध्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. दुपारी मी शाळेतून आले की दिवसाचा अहवाल मिळायचा. पहिल्या आठवड्यात रोझी मिसने एका पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरली. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवं गवत दिसावं म्हणून ती दरवर्षी पेरते. माय म्हणाली, "तिनी घट बसाडा. नवरात्र तर कवळच गयं." नवरात्र होऊन किती दिवस झाले, आणि ही आता घट बसवते! मग दारावर चांदणी चढली. "आकाशकंदील," माय म्हणाली, "आते?" मग एक दिवस दारावर हिरव्या पानांचं आणि लाल फितीचं गोल कडं लागलं. मी घरी आले तर माय डोक्यावर पदर घेऊन बसलेली.

"आठे कोन मरी गया?"

आमच्याकडे असं गोल पुष्पचक्र पुढाऱ्याच्या पार्थिवावर ठेवतात. कुणी मेलं नाही, हे सणाचं आहे, असं मी सांगितलं. तिने पदर खाली घेतला, पण सगळाच घेतला नाही.

एकंदरीत तिचा निष्कर्ष असा झाला की ही बाई आपलेच सगळे सण करते, फक्त दीड-दोन महिने उशिरा. यात वाईट काही नाही, म्हणाली, गोव्याहून इकडे यायला वेळ लागत असेल. मला हसू आलं. पुढे काय होणार आहे ते कळलं असतं तर तेव्हाच बसून नीट समजावलं असतं.

नाताळच्या आदल्या दिवशी मी आणि अरुण साताऱ्याला त्याच्या आत्याकडे गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर घरात शांतता. माय पलंगावर बसलेली, पिशवी भरलेली, चपला दाराशी जोडून ठेवलेल्या.

"काय झालं?"

"शहादानी गाडी कवळ शे?" शहाद्याची गाडी कधी आहे, एवढंच.

मग तिने पलंगाखालून डबा ओढून काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत करंज्या होत्या. खुसखुशीत, तळून बदामी झालेल्या, कडेला बारीक मुरड.

"मन्ह्याच करंज्या," ती म्हणाली, "मालेच परत. दिवाळीन्या करंज्या नाताळले परत धाड्यात."

मी समजावून सांगितलं. या नेवऱ्या आहेत, गोव्याकडे नाताळला करतात, दरवर्षी येतात. ती माझ्याकडे बघत राहिली, शेजारणीची लाज राखणाऱ्या पोरीकडे बघतात तशी. "मी मन्ही मुरड वळखत नही का?" मी एक हातात घेतली. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही शंका आली. मुरड हुबेहूब मायची. मी म्हटलं, चाखून बघ, लगेच कळेल. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि डब्यात ठेवून कडी लावली. पुरावा खायचा नसतो.

"आणि बाकीचं? कुलकुल? दोदोल?"

"ते बी डबामाच शे. एका कागदमा."

"आणि ताट?"

माय जरा सरळ बसली. "धाडं परत."

"काय घालून?"

"काहीच नही."

लोणखेड्यात वाढलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर कडुलिंबाची चार पानं. घासून पुसून रिकामं परत केलेलं ताट म्हणजे दार तोंडावर आपटणं. म्हणजे आपला संबंध संपला, उद्या रस्त्यात भेटलीस तर मी दुसरीकडे बघेन. मायने आयुष्यात हे एकदाच केलं होतं, सख्ख्या जावेशी, बांधाच्या भांडणात. ती जाऊ पुढे मरेपर्यंत आमच्या गल्लीत आली नाही. आणि आता माय म्हणत होती की म्हणूनच लेकीकडे राहू नये. राहिलं की तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अपमान गिळावा लागतो. ती सकाळी जाणार. पुन्हा येणार नाही.

तिला ठेवून घेण्याचा माझा सगळा बेत एका ताटावर आपटला होता. दोन घरांमध्ये भिंत एकच होती, आणि मला तिच्या दोन्ही बाजूंना राहायचं होतं.

नाताळच्या दिवशी गाड्या भरलेल्या होत्या म्हणून ती थांबली. तेवढ्यानेच वाचलो. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं आणि दारात रोझी मिस, नव्या झग्यात, हातात तेच निळ्या काठाचं ताट, वर तोच रुमाल, खाली कुलकुल आणि दोदोलचा पहिल्यापेक्षा मोठा ढीग.

"गो नंदा, तुझ्या आईने सगळं एका दिवसात संपवलं मरे!" ती इतकी खूश होती की तिच्या गोव्याकडच्या "मरे"सकट शब्द सांडत होते. "ताट पुसून पाठवलं! एक कणसुद्धा नाही! इतकी वर्षं मी देते, कुणी इतकं आवडीने खाल्लं नाही. तू आपली दरवेळी शेव घालून पाठवतेस, मला वाटायचं हिला माझं आवडत नाही, बदल्यात काहीतरी देऊन मोकळी होते. आईला म्हणावं, अजून आहेत."

ती गेली. आतल्या खोलीतून माय म्हणाली, "ती काय बोलनी?"

मी शब्दशः सांगितलं. मायने भरलेली पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली. आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान ठरवून, घासून, पुसून केला, आणि पलीकडच्या बाईला तो कौतुक म्हणून पोचला. अशा वेळी काय करतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं; मी तर तोपर्यंत इतकी वर्षं दिलेल्या शेवेचा विचार करत होते.

तिने जाणं पुढे ढकललं. चौकशी पुरी झाली नव्हती. रोज सकाळी डबा उघडून ती त्या करंज्या बघायची आणि पुन्हा कडी लावायची. मी विचारलं, "काय करी ऱ्हायनी, माय?" कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून ते आपोआप आलं. ती म्हणाली, "काही नही."

नवीन वर्ष लागलं त्या सुमारास एके सकाळी ती डबा घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापुढे ठेवला. करंज्यांच्या मुरडीतून हिरवी बुरशी डोकावत होती.

"मन्ही करंजी दोन-तीन महिना ऱ्हास," ती म्हणाली. आमच्याकडे सारणात सुकं खोबरं, रवा आणि खसखस. ती करंजी संक्रांतीलाही कुरकुरीत निघते. रोझी मिसच्या नेवरीत ओला नारळ. आठ दिवस झाकून ठेवली तर ती दुसरं काय करणार? पुराव्याने आरोपी सोडला आणि फिर्यादीला धरलं. "हाई तिन्हीच शे," माय म्हणाली, आणि चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, पाठ करून उभी राहिली. "आनि मी तिले रिकामं ताट धाडं."

"तिला कुठे कळलंय?"

"माले कळनं नं."

मी म्हटलं, शेव करू. ती नको म्हणाली. शेव तर तू देतेसच. दुपारी ती कंपाउंडातून लाल मातीचं घमेलं घेऊन आली. पाण्यात कालवली, मळली, आणि पहिला गोळा तिच्या हातात फुटला. "हाई माटी नही, हाई कुकू शे," ती म्हणाली. आमच्या तापीकाठच्या काळ्या मातीत घातलेला गोळा पोळ्यापर्यंत तसाच राहतो. मग तिने त्यात थोडी राख आणि कापूस घातला, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दोन बैल उभे राहिले. पोळ्याला करतो तसे, मोठ्या वशिंडाचे, लाल.

तेव्हा मला कळलं की व्हरांड्यातली ती पाळत कशासाठी होती. रोझी मिसच्या गोठ्यात मेंढ्या होत्या, तीन राजे होते, उंट होता, आणि एक गाय होती. "गव्हाणकडे शेपटी करीसन गाय बांधतस का कोठे?" माय पहिल्या दिवसापासून हे मनात धरून बसली होती. गोठा म्हणायचं आणि बैल नाही! त्या बाळाच्या घरचं शेत कोण नांगरणार?

आम्ही दोघी गेलो. निळ्या काठाच्या ताटात दोन बैल, वर क्रोशाचा रुमाल. रोझी मिसने रुमाल उचलला आणि हसायचंच विसरली. मग तिने उंट उचलून खिडकीत ठेवला आणि त्याच्या जागी बैल ठेवले. मायने न विचारता गाय फिरवून तिचं तोंड गव्हाणीकडे केलं, आणि नाचणीचं वाढलेलं थोडं गवत खुडून तिच्यापुढे टाकलं. रोझी मिस म्हणाली, "इतकी वर्षं उपाशी होती मरे ती." दोघी हसल्या. एकमेकींचं निम्मं बोलणं दोघींना कळत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचं पुढेही चांगलं जमलं.

निघताना माय व्हरांड्यात थांबली. तिथे फुटक्या बादल्यांत, जुन्या वाडग्यांत रोझी मिसने स्ट्रॉबेरी लावलेल्या होत्या. चिमुकली पांढरी फुलं, खाली पेंढा, तीन-चार लाल फळं. मायने बोट दाखवलं.

"एक रोप दे माले."

मी मायला कधीही, कुणाकडेही, काहीही मागताना पाहिलं नव्हतं. नानांकडेसुद्धा नाही. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "तुन्हा बाप म्हने ना, जो देस तो मांगस. मी मांगं. फिटनं." देणाऱ्याने मागितलं, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. नानांच्या त्या वाक्याचा मी आयुष्यभर इशारा म्हणून अर्थ लावला होता. त्याचा असाही उपयोग होतो, हे मला सुचलं नव्हतं.

ते रोप त्याच ताटातून आमच्या खिडकीत आलं. माझ्या घरात मायची म्हणावी अशी ती पहिली वस्तू. पाणी तिचं, पेंढा तिचा, त्याच्यावर बसणाऱ्या बुलबुलाला द्यायच्या शिव्याही तिच्या. मला वाटलं, जिंकले. रोपाला फुटवे आले. स्ट्रॉबेरीचं असं असतं की मूळ रोपातून एक लांब बारीक देठ निघतो, दूर जाऊन जमिनीला टेकतो आणि तिथे मुळं धरतो. रोझी मिस म्हणाली ते छाटून टाक, नाहीतर फळ बारीक येतं. माय म्हणाली, छाटायचं नाही. ती प्रत्येक देठाखाली नवं वाडगं सरकवत गेली. इथे एखाद्या प्रमुख पाहुण्याने मुळं आणि मायभूमी यांवर बरंच काही सांगितलं असतं. माझ्याही मनात आलं, आणि मी ते बोललेही. मायने वर बघितलं नाही. "ते रोप शे, नंदा," ती म्हणाली. "रोपच ऱ्हाऊ दे."

होळी झाली आणि माय निघाली. मी पुष्कळ बोलले. तिने ऐकून घेतलं. पाहुणी होते, म्हणाली, हिवाळा झाला. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं होती. मी सांगितलं की लोणखेड्याच्या उन्हात ती आठ दिवस टिकणार नाहीत. तिने सांगितलं की माठाखाली ठेवेन. मी पाचगणीच्या स्टँडवर तिच्या चपला पुसल्या नाहीत. ती स्वतःच पुसून आली होती. तिचा पलंग आवरताना मला वाटलं, हरले. पुढच्या वर्षी ती येणार नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारणार नाही.

एप्रिलमध्ये रोझी मिसने सहज विचारलं, "गो, माझं ताट तुझ्याकडे राहिलं काय?" मी घर धुंडाळलं. नव्हतं. मी नवं आणून देते म्हटलं, ती नको म्हणाली. पण तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. संशय काय मलाच येतो असं नाही.

या डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली आणि मी लोणखेड्याला गेले. लोक नाताळला डोंगरावर जातात, मी उतरून खाली गेले. शहाद्याच्या स्टँडवर चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. "मॅडम, थंडी वाजस का?" खरंच वाजत होती. तापीकाठची डिसेंबरची पहाट पाचगणीलाही लाजवते, फक्त तिची कुणी टोपी विकत नाही.

गच्चीवर गेले तर रांगेने कुंड्या, तेलाचे डबे, फुटका माठ, आणि सगळ्यांत स्ट्रॉबेरी. हिरवीगार पानं, खाली पेंढा, लाल फळं. मला भरून आलं. मग संशय आला. आमच्याकडचा मे महिना मला माहीत आहे. त्यात माणसं टिकतात हेच पुष्कळ.

"माय, ही जगली कशी?"

"कोनता?"

"ही. पाचगणीची."

"त्या? त्या ते चैतमाच मरी ग्यात." माय शांतपणे पेंढा सारखा करत होती. "ह्या मोलगीना शेतस." मोलगीच्या बाजाराला डोंगरातले लोक हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेऊन येतात; तिने जीपवाल्याला सांगून त्यांच्यातल्या एका बाईकडून रोपं मागवली होती. आणि ती बाई रोपं कुठून आणते? जीपवाल्याने तेही विचारून ठेवलं होतं. महाबळेश्वर-पाचगणीकडून. रोप रोपच राहू द्यावं.

खाली स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर मांडणीत, पितळी परातीच्या शेजारी, निळ्या काठाचं पांढरं ताट उभं होतं. घासून पुसून.

"हे इथे कसं?"

"मी लयनू." मी आणलं. जणू काही विचारण्यासारखं त्यात नव्हतंच.

"रोझी मिस शोधते आहे ते!"

"शोधू दे," माय म्हणाली. "ताट मन्हाजोडे शे, म्हंजे आते जानंच पडी. कोन्हं ताट कोन्ही ठी लेस का?" कुणाचं ताट कुणी ठेवून घेतं का? ते परत करायलाच हवं, आणि रिकामं करता येत नाही. लेकीकडे राहायला जाता येत नाही, हे अजूनही खरंच होतं. पण शेजारणीचं ताट परत करायला जाण्याला तिच्या आईची किंवा आजीची कुठलीही हरकत नोंदलेली नव्हती. तिची पिशवी दाराशी भरलेली होती, चपला जोडून ठेवलेल्या. या वर्षीही परत येताना एखादं भांडं ती तिथून उचलून आणणार, याबद्दल मला शंका नाही. आणि ही बहुधा आयुष्यातली पहिली गोष्ट आहे जिच्याबद्दल मला शंका नाही.

तर घर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं, आणि स्नेहसंमेलनात ते विचारतातच, तर मी आता सांगते की जिथलं भांडं आपल्याकडे अडकलेलं असतं ते घर. माझी अशी दोन आहेत. पाहुण्यांना हे फारसं भव्य वाटत नाही.

निघताना मायने गच्चीवरची सगळी फळं तोडली, डब्यात भरली, कडी लावली आणि डबा रात्रभर बसमध्ये मांडीवर धरून बसली. पाचगणीला उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे ढीग लागलेले होते. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. सरळ रोझी मिसच्या दारात गेली, दारावरच्या त्या हिरव्या कड्याखाली उभी राहिली, ताट पुढे धरलं आणि त्यात डबा उपडा केला.

शहाद्यापासून पाचगणीपर्यंत बसने आणलेल्या स्ट्रॉबेरीचा जाम होतो.